धुण्यात बिघडलेले रेशीम लगेच वाळवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आटोपली की सोलापुरातल्या लाँड्र्यांच्या काउंटरवर ठरलेला प्रकार सुरू होतो. पिशवीतून इस्त्री केलेली, घडी घातलेली, पण रंग पसरलेली नाहीतर काठाला चुण्या पडलेली रेशमी साडी बाहेर निघते आणि विचारणा होते, "ह्याचं काही होईल का?" बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते. साडी चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेली एवढ्याने ती वाया जात नाही. मशीनमधून काढल्यावर घाबरून जे केले जाते, त्याने जाते. कडक उन्हात वाळवायची, पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवायची, डाग दिसला की लिंबू चोळायचे आणि तेही जमले नाही की ब्लीच. मोबाइलवर फिरणारे 'घरगुती उपाय' याच वाटेने नेतात, म्हणून हे पत्र.

कापड ओले आहे तोवर बरेच काही हातात असते. दुसऱ्या कपड्याचा लागलेला रंग अजून पुरता बसलेला नसतो, साबण धाग्यातून निघू शकतो, आखडलेली वीण ओढून सरळ होते. वाळले आणि वरून इस्त्री फिरली की हे सगळे पक्के होते. म्हणून पहिले काम, मशीन मध्येच थांबवा आणि स्पिन होऊ देऊ नका. समोरून दार असलेले मशीन पाणी भरलेले असताना उघडत नाही. त्याला स्पिन बंद ठेवून फक्त पाणी सोडण्याची सोय असते, ती वापरा. कापड एका टोकाला धरून ओढू नका. ओले रेशीम कोरड्यापेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमजोर असते, आणि जरीच्या पदरात मुरलेल्या पाण्याचे सगळे ओझे त्या टोकावर येते. बाळाला न्हाऊ घालताना धरतात तसे दोन्ही हात खाली घालून उचला आणि गार पाण्याच्या टबात मोकळे सोडा. लगेच काही करायला वेळ नसेल तर स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळून सावलीत ठेवा. ही ठेव दोन-तीन तासांपुरतीच. रात्रभर ओलसर राहिले तर वास येतो आणि रंग घडीतून आरपार जातो.

टॉवेल सोलापूरकरांना सांगायला नको. तरी एक सांगतो. टेरी टॉवेल कोरा असेल तर तो पाणी नीट ओढत नाही, कारण त्यावर मऊपणासाठी दिलेले फिनिश असते, आणि रंगीत कोरा टॉवेल स्वतःचाच रंग देतो. दोन-चार वेळा धुतलेला पांढराच घ्या.

आता पाण्याविषयी, कारण आपल्याकडे निम्मे नुकसान तिथे होते. नळाला रोज पाणी नसल्याने धुण्याला सर्रास बोअरचे पाणी वापरले जाते. ते जड असते. त्यातले क्षार आणि वडीचा साबण एकत्र आले की चिकट पांढरा साका धाग्यावर बसतो. रेशीम राखाडी, मंद आणि हाताला खरखरीत लागते. अशी साडी 'विटली' म्हणून बाजूला पडते, पण रंग शाबूत असतो, वर थर बसलेला असतो. आरओ फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी साठवून धुण्याला वापरायची सवय बऱ्याच घरांत आहे. फरशीला ते चालेल, रेशमाला मुळीच नको, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. नळाचे साठवलेले पाणी, पावसाळ्यात गच्चीवरचे पावसाचे पाणी, आणि शेवटच्या खळबळण्यासाठी जमल्यास आरओचे पिण्याचे पाणी, हे योग्य.

रेशीम म्हणजे प्रथिन. केस, लोकर त्याच जातीचे. कपड्याच्या पावडरचे पाणी चांगलेच अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असते आणि हा अल्क प्रथिनाला खातो. शिवाय रेशमावरचे बहुतेक रंग आम्लात चढवलेले असतात, त्यामुळे अल्क लागला की त्यांची पकड सुटते. म्हणजे पावडरने एकाच वेळी झळाळीही जाते आणि रंगही निघतो. उपाय साधा आहे. गार पाणी तीन-चार वेळा बदलून साडी हलक्या हाताने खळबळा, फेस पूर्ण जाईपर्यंत. मग १० लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर पांढरे व्हिनेगर घालून आधी पाणी ढवळा, त्यानंतर साडी बुडवा. पाच मिनिटे पुरे. किराणा दुकानातले साधे पांढरे व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचे असते, ते या मापाला चालते. उरलासुरला अल्क मरतो, साका सुटतो आणि रेशमाची सळसळ परत येते. कारखान्यातही ही सळसळ आणायला शेवटी सौम्य आम्लाचेच पाणी देतात. नंतर एकदा साध्या पाण्यातून काढा. काठ तांब्याच्या जरीचा असेल तर पाच मिनिटांऐवजी एकच मिनिट, आणि लगेच साधे पाणी. लिंबाचा रस मात्र नको. त्यातली साखर आणि चोथ्याचा अंश धाग्यात राहतो, इस्त्रीखाली पिवळा पडतो, आणि चोळलेल्या जागी वेगळाच डाग तयार होतो.

पावडरच्या पुड्यावर 'एन्झाइम' असे छापले असेल तर गोष्ट वेगळी. प्रथिनाचे डाग खाणारे एन्झाइम रेशमाचा धागाही खाते. अर्ध्या तासाच्या धुण्यात फारसे बिघडत नाही, रात्रभर भिजत राहिले तर धागा कायमचा कमजोर होतो आणि त्याला इलाज नाही.

रंग पसरण्याकडे वळण्याआधी कापड नक्की कशाचे आहे ते पाहा. 'सिल्क' म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांत एका दिशेला रेशीम आणि दुसऱ्या दिशेला सूत, रेयॉन किंवा पॉलिस्टर असणे अगदी नेहमीचे. पदराच्या टोकाकडून ताण्याचा म्हणजे लांबीतला एक आणि बाण्याचा म्हणजे रुंदीतला एक असे दोन धागे काढा, वाळवा आणि चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. केस जळल्याचा वास आला आणि काळी गोळी बोटात चुरडून भुकटी झाली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख असेल तर सूत किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. हे कळणे महत्त्वाचे, कारण रेयॉन ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. इरकलीच्या काठात हल्ली बहुधा 'आर्ट सिल्क', म्हणजे रेयॉनच असते. रेशीम समजून ताणाल तर काठ फाटेल.

इरकलीचा लाल पदर आणि त्यातली पांढरी नक्षी ही रंग पसरण्याची सगळ्यात नेहमीची जागा. लाल सुटतो आणि पांढरे गुलाबी होते. इथे भिजत ठेवणे हीच मोठी चूक, कारण स्थिर पाण्यात सुटलेला रंग दुसरीकडे जाऊन बसतो. कापड हलते ठेवा आणि पाणी बदलत राहा. ५ लिटर गार पाण्याला लोकरीच्या कपड्यांचे लिक्विड एक छोटा चमचा घाला. पदर पाण्यात पसरवून दोन-तीन मिनिटे वरखाली करा, पाणी रंगले की फेका, नवे घ्या. चार-पाच पाण्यांनंतर पाणी जवळजवळ निवळ दिसू लागते. मग वर सांगितलेले व्हिनेगरचे पाणी, त्याने रेशमावर उरलेला रंग पुन्हा धरतो. मीठ घालून रंग पक्का होतो हा समज मात्र सोडून द्यावा. रेशमावरच्या आम्ल रंगाला मिठाने पक्केपणा येत नाही. तुरटीचेही तेच, ती नैसर्गिक रंगाच्या आधी द्यायची वस्तू आहे, सुटलेल्या रंगावरचे औषध नव्हे.

धुऊन झाल्यावर खरी परीक्षा वाळवताना होते. पाणी धाग्याधाग्यातून सरकते आणि जिथे शेवटी वाळते तिथे रंग आणून सोडते. म्हणून कधी कधी टबात स्वच्छ दिसलेल्या पदरावर वाळल्यावर गुलाबी रेघ उमटते. हे टाळायचे तर पदराच्या खाली आणि वर पांढरा टॉवेल घाला, घडी कुठेही पडू देऊ नका, गुंडाळून तळहाताने दाबा. पिळायचे नाही. टॉवेल बदलून पुन्हा दाबा. मग साडी आडवी पसरा आणि पंख्याचा वारा आधी फिक्या भागावर येईल असे करा. टांगायचीच असेल तर गडद भाग खाली, फिका वर.

एवढे करूनही पांढऱ्यावर छटा उरली तर घरचे उपाय तिथे संपतात. आपल्या गावात रंगखाने असल्याने 'हायड्रो', म्हणजे रंग उडवायची पावडर (सोडियम हायड्रोसल्फाइट), सहज मिळतो आणि कोणीतरी तो सुचवतोच. हायड्रो नको असलेला रंग काढतो तसा हवा असलेलाही काढतो, गुलाबी छटेबरोबर लाल पदरही जाईल. संपूर्ण पांढऱ्या, जर नसलेल्या कपड्यावर, उदाहरणार्थ पांढऱ्या रेशमी उपरण्यावर, हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. औषधांच्या दुकानातले '२० व्हॉल्यूम'चे, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे घ्या, एक लिटर गार पाण्याला ५० मिलिलिटर. आधी कोपऱ्यावर बघा, मग जास्तीत जास्त अर्धा तास, आणि भरपूर पाण्याने धुवा. जरीजवळ ते अजिबात नको. तांबे किंवा लोखंडाचा अंश असला की पेरॉक्साइड त्याच जागी जोरात फुटते आणि खालचे रेशीम जळाल्यासारखे तुटते.

हळदीकुंकवाच्या साड्यांवर एक गोंधळ वारंवार होतो. हळदीचा पिवळा डाग साबण लावताच लालभडक होतो आणि रंग पसरला असे वाटून पुढचे सगळे उलटसुलट उपाय सुरू होतात. हळद अल्कात लाल होते, एवढेच. व्हिनेगरच्या पाण्यात ती पुन्हा पिवळी होईल. पिवळा डाग मग सौम्य लिक्विडने दोन-तीनदा फिका करता येतो. पूर्ण जाईलच असे नाही.

आता आखडण्याविषयी, कारण त्यात गैरसमज फार. लोकरीच्या धाग्याला खवले असतात, ते एकमेकांत अडकून कापड आटते आणि परत फिरत नाही. रेशमाच्या तंतूला खवले नसतात. ते आखडते ते दोन कारणांनी. मागावर ताणून धरलेला धागा पाण्यात सैल होतो, किंवा क्रेप-जॉर्जेटसारख्या कापडात धाग्याला दिलेला जबर पीळ भिजल्यावर आवळतो. म्हणून ते बऱ्याच अंशी सरळ करता येते. कोमट पाण्यात, हाताला जेमतेम ऊब लागेल इतक्याच, दहा मिनिटे भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि ओलसर असतानाच ताण्याच्या दिशेने, मग बाण्याच्या दिशेने थोडे थोडे ओढा. एका वेळी एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. तिरके ओढले तर वीण वाकडी होते. साडी असेल तर दोघींनी समोरासमोर दोन्ही काठ धरून, घडी घालताना देतात तसे हलके झटके द्यावेत. ब्लाउज किंवा कुर्ता टॉवेलवर टाचण्या लावून बसवता येतो. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच, नाहीतर गंजाचा डाग आणखी वर.

पण काठाला चुण्या पडलेल्या निम्म्या साड्यांत दोष रेशमाचा नसतोच. दोष फॉलचा असतो. सुती फॉल कोराच, न भिजवता शिवला जातो. साडी पहिल्यांदा पाण्यात गेली की फॉल आटतो, वरचा काठ आटत नाही, आणि तीन वारांवर बारीक बारीक चुण्या पडतात. मग लोक काठावर इस्त्री दाबत बसतात. त्याने चुण्या चपट्या होतात, जात नाहीत, आणि प्लॅस्टिकची जर असेल तर ती वितळून कडक होते. ओळखायचे कसे? साडी उलटी करून पायाकडचा काठ बघा. चुण्या जिथे फॉल सुरू होतो तिथे सुरू होऊन जिथे फॉल संपतो तिथेच संपत असतील तर शंकाच नको. बारीक कात्रीने फॉलचे टाके एक सोडून एक कापा, धागा उलट बाजूने ओढून काढा, काठ ओलसर करून सपाट टॉवेलवर हाताने बसवा आणि वाळल्यावर पाहा. काठ बहुतेक पहिल्यासारखा होतो. नवा फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. या भिजवण्यात त्याचा रंग जातो का तेही कळते. ब्लाउजच्या अस्तराचेही हेच.

मशीनच्या घासण्याने गडद साडीवर पांढुरक्या रेघा उठल्या असतील तर रंग गेला असे समजून वरून रंग चढवायला देऊ नका. तंतूंची टोके चिरून लव उठलेली असते आणि तिच्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसते. वाफेने थोडे बसते, पूर्ण जात नाही. सुटलेली जर कापूही नका. सुईने टोक उलट बाजूला ओढून घ्या आणि मागून बारीक जाळी लावून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात शेजारचेही वेढे उकलतील.

क्लोरीनचे ब्लीच पडले असेल तर आधी फक्त वाहते पाणी, दहा मिनिटे तरी. त्यावर घाईने व्हिनेगर ओतू नका. दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि न्हाणीघरासारख्या बंद जागेत तो घातक ठरतो. पाण्यानंतर 'हायपो', म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे खडे, दोन लिटरला एक छोटा चमचा. पुढची झीज थांबते. पिवळी पडलेली, विरघळलेली जागा परत येत नाही.

वाळवणे घरात, पंख्याखाली, सावलीत. आपल्या उन्हात रेशीम पिवळे पडते आणि ठिसूळ होते. नायलॉनच्या दोरीवर नको, जाड नळीवर टॉवेल घालून त्यावर. थोडी ओल असतानाच उलट बाजूने, वर सुती कापड ठेवून, 'सिल्क'च्या खुणेवर इस्त्री. कोळशाच्या इस्त्रीला उष्णता आवरता येत नाही, ती नको. आणि पाणी शिंपडू नका, थेंबाच्या कडेला वर्तुळ उठते. उठलेच तर सगळी साडी एकसारखी ओली करून पुन्हा वाळवणे हाच त्यावर उपाय.

सोवळे, पीतांबर ड्रायक्लीनला द्यायचे नाहीत, घरीच धुवायचे, अशी अनेक घरांत रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. उलट घाम पाण्यातच सुटतो, ड्रायक्लीनच्या द्रवात नीट सुटत नाही. बाकी साडी लाँड्रीत द्यायची झाली तर काय घडले ते लपवू नका. कोणती पावडर, किती वेळ, नंतर काय लावले, सगळे सांगा. आणि डाग काढण्याआधी रोल पॉलिश करू देऊ नका. त्या उष्णतेने डाग पक्का होतो आणि खळीखाली दडतो.

बिघाड लाँड्रीतच झाला असेल तर वस्तू आणि पावती दोन्ही जपून ठेवा, कापडावर स्वतः प्रयोग करू नका, नाहीतर दोष कोणाचा ते सिद्ध होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेपोटी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

शेवटी शहरातल्या साडी दुकानदारांना आणि लाँड्रीचालकांना या पत्रातून विनंती. शर्टाच्या कॉलरला धुण्याच्या सूचनांची पट्टी असते, हजारो रुपयांच्या साडीला बहुधा नसते. पावतीवर चार ओळी लिहून द्या: ताणा कशाचा, बाणा कशाचा, काठ कशाचा, जर चांदीची की तांब्याची की प्लॅस्टिकची. फॉल-पिको दुकानातूनच करून देणार असाल तर फॉल भिजवून लावला आहे की नाही, हेही. लाँड्रीचालकांनी साडी घेताना ती ग्राहकासमोर उलगडून आधीचे डाग, सुटलेली जर, काठाच्या चुण्या पावतीवर नोंदवाव्यात आणि दोघांनी सह्या कराव्यात. 'जबाबदारी आमची नाही' हे वाक्य छापायला जेवढी जागा लागते, तेवढीच याला पुरते.

आपला,
रेशीम धुलाई-रंगकामातला एक वाचक,
दक्षिण कसबा, सोलापूर